अकरा पोरांची डंगरी

आमच्या लिल्हुल्ट गावात रागवायची एक रीत आहे. दोन्ही हात खिशात घालायचे, आतल्या आत मुठी आवळायच्या, तोंडाने हवापाण्याचं बोलायचं आणि घरी जाऊन चिठ्ठी लिहायची. आमच्या इमारतीच्या सामाईक धुलाईघरात भिंत अशी दिसतच नाही, नुसत्या चिठ्ठ्या दिसतात. 'ड्रायरची जाळी साफ न करणाऱ्या अज्ञात व्यक्तीस: आम्हा सर्वांना दोन हात आहेत, तुम्हालाही असावेत.' खाली सही नाही, पण एक हसरा चेहरा काढलेला. हसरा चेहरा जितका गोल, तितका राग मोठा. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने एकदा तो वर्तुळ काढायच्या कंपासने काढला होता. त्यानंतर दोन कुटुंबं घर सोडून गेली.

बार्ब्रोला ही रीत मान्य नाही. वय एकोणसत्तर, उंची दीड मीटरच्या जेमतेम वर, आणि राग आला की तो तिच्या तोंडातून जागच्या जागी बाहेर पडतो. चर्चमध्ये, दवाखान्यात, ख्रिसमसच्या जेवणात खारवलेल्या हेरिंग माशांची बरणी फिरत असताना, कुठेही. ती सुरू झाली की सगळं गाव आपापल्या बुटांकडे बघायला लागतं. लिल्हुल्टमध्ये बूट इतके स्वच्छ का असतात, याचं कारण बार्ब्रो.

"मूठ आवळायची तर ती दुसऱ्याला दिसेल अशी आवळावी," असं ती म्हणते. "म्हणून मी पोरांच्या कपड्यांना बाजूचे खिसे ठेवतच नाही. एकच खिसा, तोही छातीवर. त्यात बिस्किट ठेवा. मूठ जाणार नाही."

पोरांचे कपडे हा तिचा धंदा नाही, व्यसन आहे. गावात चर्चच्या संस्थेचं जुन्या सामानाचं दुकान आहे. तिथे आम्ही सगळे फुकट राबतो, कारण घरी बसून बायकोशी बोलण्यापेक्षा ते बरं. माझ्याकडे सोफे उचलायचं काम. आमच्या भागात माणूस मेलं की मागे तीन गोष्टी उरतात: एक सोफा, बारा जणांचा कॉफीचा सेट आणि कपाटभर कापड. सोफा माझ्याकडे येतो, कॉफीचा सेट काउंटरकडे जातो आणि कापड बार्ब्रोकडे. मागच्या खोलीत तिची लोखंडी शिलाई मशीन आहे. तिथे ती चादरींच्या चड्ड्या करते, उशीच्या अभ्र्यांची झबली करते, आजोबांच्या शर्टांचे फ्रॉक करते. पण तिचा खरा जीव पडद्यांवर. सत्तरच्या दशकात आमच्या लोकांना काय झालं होतं कोण जाणे. वर्षातले सहा महिने अंधार, म्हणून असेल, पण घरोघर पडद्यांवर ताटाएवढी नारिंगी फुलं, तपकिरी घुबडं, जांभळे मशरूम. तेच पडदे आता आमच्या पोरांच्या ढुंगणांवर फिरतात.

हल्लीच्या आया तिच्याकडे येतात त्या स्वतःच्या पोरांना ओट्सच्या लापशीचा रंग घालून. टोपी लापशी, स्वेटर लापशी, मोजे लापशी. बार्ब्रो बाबागाडीत डोकावते आणि म्हणते, "यात पोर आहे का? असेल तर ते कुठून सुरू होतं?" त्या कसनुसं हसतात, हात खिशात घालतात आणि घुबडांची चड्डी घेऊन जातात.

आता हे दुकान ज्या इमारतीत आहे, ती पूर्वी लहान मुलांच्या कपड्यांची फॅक्टरी होती, आणि बार्ब्रो सोळाव्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे बहात्तर साली, तिथे कामाला लागली. चौदा वर्षं तिने तिथे एकच गोष्ट शिवली. डावी बाही. दिवसाला चारशे डाव्या बाह्या. उजव्या बाह्या सिव नावाची एक मुलगी दोन रांगा सोडून शिवायची, गळे तिसरीच कुणी, आणि पूर्ण फ्रॉक कुठेतरी वरच्या मजल्यावर जमायचा. तिथे जायला या मुलींना परवानगी नव्हती.

"एकदा बुरोस शहराच्या बाजारात एका पोरीच्या अंगात आमचा फ्रॉक दिसला," ती सांगते. "मी तिच्या मागे मागे दोन रस्ते गेले. तिची आई घाबरली, पोलिसाला शोधायला लागली. डावी बाही माझी होती. बाकी सगळं परकं."

शहाऐंशी साली काम पोर्तुगालला गेलं आणि फॅक्टरी बंद झाली. शेवटच्या दिवशी साहेबांनी भाषण केलं, प्रत्येकीला एक गुलाब आणि एक थर्मास दिला. सगळ्या जणी खिशात मुठी आवळून उभ्या होत्या. बार्ब्रोने थर्मास साहेबांच्या हातात परत दिला, गुदामातून शिडी ओढत आणली आणि सगळ्यांसमोर कँटीनचे पडदे काढले. हिरव्यावर लाल सफरचंदं. कॉफीचा आणि चौदा वर्षांच्या सिगारेटींचा वास. कुणी अडवलं नाही. अडवायचं तर बोलावं लागलं असतं.

त्या पडद्याची तिने आपल्या दोन वर्षांच्या मातियाससाठी डंगरी शिवली. आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खा कपडा. दोन पाय, पुढची बाजू, मागची बाजू, पट्टे, बटणं, सगळं एकाच हातचं. पायांना तिने आतून तीन दुमडी घातल्या, पोर वाढेल तशी एकेक उसवायला. आणि कमरेच्या आत एक पांढरी फीत शिवली. आमच्या आज्या चादरीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने, फुलीच्या टाक्यात, नावाचं अक्षर भरायच्या, गावच्या धुण्यात चादर हरवू नये म्हणून. तसं तिने फितीवर लाल 'म' भरलं.

मातियासला डंगरी तोकडी झाली तशी ती शेजारच्या पोराला गेली. मग परत आली, गुडघ्याला ठिगळ लागलं, दुमडी पुन्हा घातल्या गेल्या, फितीवर दुसरं अक्षर आलं. तिथून नियमच पडला. पोराने ती पुरती वापरायची, चिखलात लोळायचं, झाडावर चढायचं आणि वाढलं की बार्ब्रोकडे परत. एकोणचाळीस वर्षांत अकरा पोरं आणि अकरा लाल अक्षरं. आमच्या नळवाल्याचं अक्षर त्यात आहे. सध्याच्या पाद्रीणबाईचंही आहे. चौथं अक्षर 'य', ते माझ्या मुलीचं, यानिकाचं.

आणि बारावी जागा बार्ब्रोने राखून ठेवली होती. मातियासला चाळिशीला टेकल्यावर एकदाची मुलगी झाली. तिचं नाव टीरा, राहते गोथेनबर्ग शहरात, आणि या मिडसमरला, म्हणजे जूनमधल्या उन्हाळी सणाला, दोन वर्षांची होऊन आजीकडे येणार होती. बार्ब्रोने लाल दोऱ्याची लडीसुद्धा आणून ठेवली होती. वर्षभर ती दुसरं काही बोलत नव्हती. म्हणजे रागावत होती, पण मध्ये मध्ये तेही बोलत होती.

आता चूक कशी झाली ते सांगतो, आणि आधीच सांगतो की ती माझी आहे.

अकराव्या पोराची आई म्हणजे आनेली. एप्रिलमध्ये तिच्या मुलाला डंगरी तोकडी झाली. आनेली अस्सल लिल्हुल्टची. तिने डंगरी धुतली, इस्त्री केली, कागदी पिशवीत घातली, सकाळी दुकान उघडायच्या आधी दाराच्या मुठीला अडकवली आणि कुणी बघायच्या आत निघून गेली. चिठ्ठी नाही. आमच्याकडे वस्तू अशीच परत करतात. घंटी वाजवली तर माणसाला उठून यावं लागतं, मग त्याला कॉफी विचारावी लागते, मग आपल्याला ती प्यावी लागते. त्यापेक्षा पिशवी बरी.

मी सोफा घेऊन आलो, पिशवी दिसली. देणगी समजून किंमत लावायच्या टेबलावर ठेवली. उघडून बघितली नाही.

त्या टेबलावर बसतो पोन्टुस, आमचा नवा व्यवस्थापक. वय चौतीस, दाढी नीट कापलेली, बूट पांढरे. संस्थेने त्याला बुरोसहून पगार देऊन आणला. तो प्रत्येक वस्तूला 'गोष्ट' म्हणतो. तुटक्या खुर्चीला पाय नसतो, गोष्ट असते. वाईट नाही बिचारा. सोफा उचलताना एक टोक धरतो, फक्त चुकीचं. त्याला शोध लागला होता की आमच्या जुन्या पडद्यांवर मोठ्या शहरांतले शौकीन जीव टाकतात. त्याने पिशवी उघडली, फोटो काढला आणि इंटरनेटवर लिहिलं: 'जुनं दुर्मीळ कापड, संपूर्ण हातचं काम, आत अकरा गूढ अक्षरं.' चार दिवसांत डंगरी गेली.

मे महिन्यात बार्ब्रोला किराणा दुकानात आनेली भेटली.

"काय गं, तुझ्या पोराचे पाय वाढायचे थांबले की काय?"

"वाढले की. मी एप्रिलमध्येच पिशवी लावली होती दाराला."

"घंटी का नाही वाजवलीस?"

"म्हटलं, तुला उगाच त्रास."

"त्रास," बार्ब्रो म्हणाली. "मला एकोणसत्तर वर्षांत कुणी त्रास दिला नाही, आनेली. त्याच त्रासाने मी मरणार आहे."

आनेलीने बुटांकडे बघितलं.

त्याच दिवशी दुकानात दहाच्या कॉफीला आम्ही आठ जण बसलो होतो, दालचिनीचे बन मध्ये. बार्ब्रो आली ती कोट न काढता.

"हिरवी डंगरी, लाल सफरचंदं. कुणी घेतली?"

मी बुटांकडे बघितलं. पोन्टुस मात्र खुलला. "अगं, ती? ती आपली या वर्षीची सगळ्यात सुंदर गोष्ट होती. बघ ना," आणि त्याने कॉफीच्या मशीनवर चिकटवलेला एक छापील फोटो दाखवला. तो तीन आठवडे तिथे होता. आम्ही सगळ्यांनी रोज त्याच्याखाली कॉफी ओतली होती आणि एकानेही मान वर केली नव्हती. फोटोत पांढरी भिंत, भिंतीवर मोठी लाकडी चौकट, चौकटीत काचेमागे डंगरी. खाली विकत घेणारीचं नाव, फिलिप्पा, आणि गोथेनबर्गजवळच्या समुद्रकाठच्या उपनगराचं नाव.

"तू माझी डंगरी विकलीस," बार्ब्रो म्हणाली.

"दुकानात आली होती, बार्ब्रो. दाराला होती."

"तुझी आजी तुझ्या घराच्या दाराशी उभी राहिली तर तिलाही किंमत लावशील?"

"पण विचार कर, आता ती जपली जाईल. कायमची."

"जपली? हेरिंग जपतात बरणीत. तेही आधी मारून." ती फोटोच्या जवळ गेली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि एकदम गप्प झाली. बार्ब्रो गप्प झालेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. आम्ही आठही जणांनी खाणं थांबवलं.

"मागची बाजू कुठे आहे?" ती म्हणाली.

"चौकटीत पुढचीच बाजू दिसणार ना," पोन्टुस म्हणाला.

"दिसायचं नाही विचारत. बाजूच्या शिवणीपाशी कापडाचे चार पदर असतात. तिथे फुगवटा हवा. हे पोस्टाच्या तिकिटासारखं सपाट आहे." तिने फोटो फाडून घेतला. "कॉनी, तुझी व्हॅन रिकामी आहे का?"

कॉनी म्हणजे मी. व्हॅनमध्ये एक सोफा होता. मी म्हटलं, रिकामी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोन्टुसकडून पत्ता घेऊन आम्ही निघालो. मी म्हटलं, आधी फोन करू. आमच्याकडे न सांगता कुणाच्या दारात उभं राहणं हा चोरीच्या एक पायरी खालचा गुन्हा आहे.

"फोन केला तर ती कॉफी करून ठेवेल," बार्ब्रो म्हणाली. "कॉफी पिऊन कुणावर ओरडता येत नाही. आपला देश असाच वाया गेला." मग अर्धा तास ती रस्त्याकडे बघत बसली. मांडीवर शिवणाचा डबा, त्यावर दोन्ही हात. एका वळणावर म्हणाली, "पिशवीत डोकावला असतास तर?"

"माहितीये."

"हात खिशातून काढून गाडी चालव."

"गाडी चालवताना ते खिशात नाहीतच."

"मला दिसतायत," ती म्हणाली.

फिलिप्पाचं घर लापशीचं होतं. भिंती, गालिचा, कुत्रा. ती स्वतः चाळिशीची, बारीक, घाबरट डोळ्यांची, दारात न सांगता दोन माणसं बघून पांढरी पडलेली. बार्ब्रोने आपलं नाव सांगितलं आणि म्हणाली, "तुझ्या भिंतीवर जी डंगरी आहे, ती मी शिवली."

"खरंच?" फिलिप्पाचा चेहरा उजळला. "या ना आत."

राग कितीही असो, बूट आम्ही दारात काढले. बार्ब्रोच्या डाव्या मोज्याला टाचेवर निळ्या लोकरीचा सुंदर रफू होता. फिलिप्पाने तो बघितला आणि मला भीती वाटली की आता ती मोज्याचीही किंमत विचारते.

बैठकीच्या खोलीत ती चौकट. काचेमागे आमची डंगरी दोन्ही पट्टे पसरून, एखाद्या फुलपाखरासारखी टोचलेली. बार्ब्रोने काचेवर बोट टेकलं. "ही माझी टीप. हे ठिगळ नळवाल्याचं, ओढ्यात पडला तेव्हाचं. ही सगळी माझी शिवण आहे आणि इथे," बोट कडेला सरकलं, "इथे कुणीतरी सुरी फिरवलीये."

"चौकटवाल्याने सांगितलं, दोन्ही बाजू ठेवल्या तर नीट बसत नाही," फिलिप्पा म्हणाली. आणि काचेवर उमटलेला बोटाचा ठसा तिला सहन होईना. ती सवयीने आत गेली, बेसिनखालच्या कपाटातून एक फडकं आणलं आणि ठसा पुसायला लागली.

फडकं हिरवं होतं. त्यावर लाल सफरचंदं होती.

फिलिप्पाने आपल्या हातातल्या फडक्याकडे बघितलं, मग काचेकडे, मग आमच्याकडे.

"काच पुसायला फार चांगलं आहे ते," ती अगदी हळू म्हणाली. "एकही तंतू सुटत नाही."

"सुटणार नाही," बार्ब्रो म्हणाली. "आठशे वेळा धुतलंय. पोरांनी त्यावर ओकाऱ्या केल्या आहेत, ते घालून बर्फावरून घसरलेत, आणि इतक्या वर्षांत एकाही पोराने ते तुझ्याएवढं फाडलं नाही."

"पण मी ते वाचवलं. मला वाटलं, एखाद्या मुलाच्या हातात गेलं तर फाटून जाईल."

"फाटायलाच शिवलंय. ऐक पोरी. मी चौदा वर्षं डावी बाही शिवली. नुसती डावी बाही. फ्रॉक कसा दिसतो ते मला कुणी दाखवलं नाही. मग आयुष्यात पहिल्यांदा मी अख्खा कपडा शिवला. आणि तू एवढे पैसे मोजून त्याचे पुन्हा तुकडे केलेस." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता, आणि ते जास्त वाईट होतं. "कमरेच्या आत एक फीत होती. ती कुठे आहे?"

फिलिप्पाचे कान लाल झाले आणि डोळे एका बंद दाराकडे गेले.

मी दार उघडलं. संडास होता. कमोडच्या वर, अगदी बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, एक छोटी सोनेरी चौकट आणि तिच्यात पांढरी फीत. अकरा लाल अक्षरं. चौथं 'य'.

यानिका आता एकतीस वर्षांची आहे, दूर उत्तरेला उमेओ शहरात दात काढते लोकांचे. पण त्या क्षणी ती दोन वर्षांची होती, अंगात सफरचंदं, छातीवरच्या खिशात अर्धं बिस्किट, आणि तिचं अक्षर या लोकांच्या कमोडवर लटकत होतं. माझे हात खिशात गेले. मुठी आवळल्या. पन्नासेक वर्षांची सवय. आणि मग काय झालं मला ठाऊक नाही, मुठी खिशात मावेनात.

"ही माझी मुलगी आहे," मी ओरडलो. संडासात आवाज घुमला. "पाद्रीणबाई आहे यात. आमच्या गावची पाद्रीणबाई तू संडासात टांगली आहेस."

कुत्रा भुंकला. फिलिप्पा जमिनीवरच बसली. बार्ब्रो दारात येऊन माझ्याकडे बघत राहिली, आणि चाळीस वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा तिच्या नजरेत मला आदर दिसला.

"वेळ लागला," ती म्हणाली. "पण आला."

स्क्रू काढायचं यंत्र फिलिप्पानेच आणून दिलं. ती रडत होती, पण चौकटी तिने स्वतः उघडल्या. चौकटवाल्याने कापड पाठीमागच्या पुठ्ठ्याला बारीक टाक्यांनी शिवलं होतं. बार्ब्रोने ते टाके बघून "हरामखोर, हात मात्र चांगला आहे" असं म्हटलं आणि एकेक उसवले. तिन्ही तुकडे जेवणाच्या टेबलावर ठेवले. पुढची बाजू, मागची बाजू, फीत. मग तिने पट्टीने मापलं आणि पुन्हा रागावली. कापणाऱ्याने शिवणीच्या आतून कापलं होतं. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं कापड गेलं होतं.

"हे नुसतं जोडलं तर बाहुलीला होईल. दोन पट्ट्या लागतील. काय आहे तुझ्याकडे?"

फिलिप्पाने कपाट उघडलं. टेबलावरचे कापडी रुमाल, चादरी, पडदे. सगळं लापशी.

"दुसरा रंग?"

"दुसरा नाहीये," फिलिप्पा म्हणाली. इतक्या प्रामाणिकपणे की बार्ब्रोला ओरडताही येईना. तिने एक लिननचा रुमाल उचलला, कात्री फिलिप्पाच्या पुढे केली. "काप. दोन लांब पट्ट्या. तुला कापायला आवडतं ना."

त्या बाईने दाताखाली ओठ धरून दोन पट्ट्या कापल्या. वाकड्या कापल्या. बार्ब्रोने सरळ करून घेतल्या आणि तिथेच बसून हाताने शिवल्या, उलट्या टाक्याने, दोन तास. तिने कॉफी घेतली नाही. मी घेतली. कुणीतरी घ्यायला हवी होती.

निघताना फिलिप्पा दारात उभी राहून रिकाम्या चौकटीकडे बघत म्हणाली, "आता तिथे खूप मोकळं वाटेल."

"पाठवते काहीतरी," बार्ब्रो म्हणाली.

आणि तिने पाठवलं. पुढच्या आठवड्यात तिने एका नारिंगी पडद्याची एक बाही शिवली, लहान मुलाच्या मापाची, कफला बटणासह, अप्रतिम, आणि पाकिटात घालून रवाना केली. डावी बाही. सोबत चिठ्ठी: 'चौकटीत लावायला. उजवी मिळणार नाही.' आयुष्यात तिने लिहिलेली ही पहिली चिठ्ठी, आणि तिने खाली सही केली, पूर्ण नावाने.

आठ दिवसांत उत्तर आलं. फिलिप्पाने जाड, लापशी कागदावर लिहिलं होतं की बाही फार सुंदर आहे, चौकटीत उत्तम बसली आहे, आणि तिच्या दोन मैत्रिणींनाही तशीच हवी आहे. बार्ब्रोने ते पत्र दहाच्या कॉफीला मोठ्याने वाचलं. वाचताना तिची मान जी लाल झाली ती संध्याकाळपर्यंत उतरली नाही. त्यात पोन्टुस मध्येच म्हणाला की, तसं बघितलं तर डावी बाही ही एक चांगली गोष्ट आहे. आम्ही सात जण उठून बाहेर गेलो. आत काय झालं ते ऐकू आलं, पण सांगण्यासारखं नाही. एवढं खरं की तेव्हापासून दाराच्या मुठीवर पोन्टुसने स्वतः लिहिलेली पाटी आहे: 'इथली पिशवी बार्ब्रोची. उघडू नये.' त्याने खाली हसरा चेहरा काढला होता. बार्ब्रोने तो कात्रीने कापून काढला. पाटीला आता तिथे भोक आहे, गोल.

मग मिडसमर आला. मातियास आला, त्याची बायको आली आणि टीरा आली, दोन वर्षांची, गुलाबी चमकीच्या परीच्या झग्यात, नायलॉनचा, पाठीला पंख. बार्ब्रोने झग्याकडे बघितलं आणि राग गिळला. सणाचा दिवस. नव्या बटाट्यांना शेपू लावलेला, स्ट्रॉबेरीचा केक झाकलेला, अंगणात फुलांचा खांब उभा करायची तयारी. तिने डंगरी पुढे धरली. हिरवी, सफरचंदी, दोन्ही बाजूंना लापशीची एकेक पट्टी.

"नको," टीरा म्हणाली.

"घाल ना राणी, आजीने शिवलीये," मातियास म्हणाला.

"नको." तिने पाय आपटला. मग दुसरा आपटला. मग तोंड उघडलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा सूर काढला. शेजारच्या अंगणातल्या लोकांनी बुटांकडे बघितलं. मातियासची बायको शरमून "शू, शू" करायला लागली.

"करू दे," बार्ब्रो म्हणाली. ती गवतावर खाली बसली, नातीच्या समोर, आणि तिचा तो लाल चेहरा, त्या बाहेर आवळलेल्या दोन मुठी अशी बघत राहिली जशी मी तिला फक्त एखादा चांगला पडदा बघताना पाहिली आहे. "करू दे तिला. नीट करतेय."

सूर संपायला वेळ लागला. मग टीराने डंगरी आजीच्या हातातून हिसकावली, जमिनीवर पसरली, उलटी, आणि झग्यावरूनच पाय घातले. पुढची बाजू मागे. मातियास सरळ करायला वाकला तर बार्ब्रोने त्याच्या हातावर फटका मारला.

तर तशीच ती दिवसभर फिरली, खांबाभोवती नाचली, बेडकासारखी उड्या मारत, केकमध्ये कोपरापर्यंत हात घालून. पंख सफरचंदांच्या पट्ट्यांखाली चुरगळलेले, बिस्किटाचा खिसा पाठीवर, आणि पोटावर ती बाजू, जी फिलिप्पाच्या बेसिनखाली राहून आलेली. संध्याकाळपर्यंत तिच्यावर स्ट्रॉबेरी, गवत आणि हेरिंगचा रस्सा होता. एक गुडघा फाटला होता.

पोर जेवायला बसलं तेव्हा बार्ब्रोने मागून फीत बाहेर ओढली आणि टीरा बटाटे चिवडत असताना, तशीच अंगावरच, अकराव्या अक्षराशेजारी लाल दोऱ्याने 'ट' भरायला लागली.

"हलू नकोस," ती म्हणाली.

टीरा हलली. बार्ब्रोच्या बोटात सुई गेली. तिने जे म्हटलं ते पाद्रीणबाईंनीही ऐकलं. त्या दोन टेबलं सोडून बसल्या होत्या, त्यांचंही अक्षर त्या फितीवर आहे, तिसरं, आणि त्यांनी बुटांकडे बघितलं नाही.